रंग, गिलावा, चिरा

डिचोलीत राहणारा माणूस लाल रंगाला बिचकत नाही. खाणी बंद पडायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक मुंग्यांसारखे एकामागून एक जायचे आणि मागे लाल धूळ सोडायचे. रुमाल झटकला की लाल, नाक शिंकरलं की लाल, पांढरी चादर दोन धुण्यांत गुलाबी. फोंड्याची माझी मेहुणी एकदा अंगणातली तुळस बघून म्हणाली होती, "भावोजी, ही कुठली वेगळी जात?" मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "ही डिचोली तुळस. रोपटं देऊ का?" तिने नेलं. पहिल्या पावसात ते हिरवं झालं, आणि अजून ती माझ्याशी धड बोलत नाही.

माझं दुकान रंगाचं. गेरू, काव, रेड ऑक्साइड, सिग्नल रेड, पोस्टाच्या पेटीचा पी.ओ. रेड, मेहॉगनी. डबा न उघडता, नुसता ब्रशचा दांडा बघून मी रंग सांगतो. असा मी, तांबड्या रंगाचा जाणकार, एका सकाळी लघवीला गेलो आणि खाली लाल धार बघितली. मी काय केलं? काहीच नाही. मनात म्हटलं, एवढी वर्षं धूळ नाकातोंडाने आत जाते, कधीतरी कुठून तरी बाहेर येणारच. दुखत नव्हतं. जळजळ नव्हती. दुपारी सगळं स्वच्छ झालं आणि मला माझ्या शरीराचं कौतुकसुद्धा वाटलं.

काही दिवसांनी पुन्हा तसंच. पुन्हा दुखणं नाही. पुन्हा मी खाणीला शिव्या घातल्या आणि दुकान उघडलं.

तिसऱ्या वेळी सुमतीने पाहिलं. सुमती माझी बायको, पेडण्याची, तेरेखोल नदीच्या काठावरची. न्हाणीघराच्या पांढऱ्या लादीवर एक थेंब सुकला होता. तिने तो नखाने खरवडला आणि मला हाक मारली.

"ह्या काय?"

"खाणीची माती."

"माती सुकली काय उडता. ह्या चिकाटला."

मी वाकून बघितलं. खरंच चिकटलं होतं. इतकी वर्षं रंग विकून एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

बोलणं थांबतं तेव्हा

सोनोग्राफीला भरपूर पाणी प्यायला लावतात आणि मग बाहेर बसवून ठेवतात. त्या बाकावर बसलेल्या सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात. मी शेजारच्याला म्हटलं, "इथे विनोद सांगायला बंदी पाहिजे." तो हसला आणि लगेच पाय आवळून धावत गेला. त्याचा नंबर माझ्या आधी होता, पण तो धावला म्हणून मी त्याच्या आधी आत गेलो.

तपासणारा तरुण डॉक्टर गप्पिष्ट होता. डिचोलीत कुठे, दुकान कसं चालतं, जत्रेत यंदा नाटक कुठलं, असं बोलत तो माझ्या पोटावरून ते थंडगार यंत्र फिरवत होता. मी त्याला सांगत होतो की आमच्या गावच्या नाटकात मरणारी भूमिका नेहमी माझ्याकडेच असते, कारण मी मरायला भरपूर वेळ घेतो. एकदा तर पडदा दोनदा पडला तरी माझं स्वगत संपलं नव्हतं. तो हसत होता. मग हसायचा थांबला. यंत्र एकाच जागी फिरायला लागलं. पुढे मागे, पुढे मागे, आणि त्याने नाटकाबद्दल पुढे काहीच विचारलं नाही.

माणसाला धक्का बसतो तो आवाजाने, असं मला वाटायचं. तसं नसतं. समोरच्याचं बोलणं मध्येच थांबलं की बसतो.

पुढच्या डॉक्टरांनी, म्हणजे ज्यांनी माझं ऑपरेशन केलं त्यांनी, आडपडदा ठेवला नाही. शहरातल्या इस्पितळात, लहानशा खोलीत, समोर मी आणि सुमती. "मूत्राशयात दोन गाठी आहेत. एक बारकी, एक जरा पसरट. दिसायला कॅन्सरच वाटतो, पण लवकर आलात." मग त्यांनी विचारलं, "सिगरेट?"

"सोडली," मी म्हणालो.

"कधी?"

मी छताकडे बघितलं. सुमतीने माझ्याकडे बघितलं. "शर्टाक वास येता तो ट्रकाच्या धुराचो म्हणून तुमीच सांगलात," ती म्हणाली. अगदी हळू. मला रंगमंचावर तलवारीने भोसकलेलं आहे, पुठ्ठ्याच्या, पण इतकं आत काही गेलं नव्हतं. बिचारी खाण. तिच्या नावावर मी काय काय खपवलं होतं.

मग सुमतीनेच ते विचारलं, जे विचारायचं मला सुचत नव्हतं. "मुताची पिशवी काढूक लागतली?"

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"रंगाचं दुकान."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद ओढला आणि भिंत काढली. "मूत्राशयाची भिंत अशी समजा. आतून रंग. त्याच्यामागे गिलावा. त्याच्यामागे चिरा, भिंतीचा दगड. तुमची गाठ रंगातच असेल, किंवा थोडी गिलाव्यात उतरली असेल, तर खरवडून काढू आणि पिशवी राखू. चिऱ्यात गेली असेल तर बहुतेक पिशवीच काढावी लागते."

"ते कधी कळणार?"

"खरवडल्यावर. वरून बघून चिऱ्याचं सांगता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला हे मी शंभरदा सांगितलं आहे. शेट, पापुद्रा निघालाय तो नुसता रंगाचा की भिंतीत ओल आहे, ते खरवडायची पत्री लावल्याशिवाय कळणार नाही. गिऱ्हाईक तेव्हा माझ्याकडे कशा नजरेने बघत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

"कापणार कुठून?" मी विचारलं.

"कापायचं नाही. वाट आहे ना."

"कुठली वाट?"

डॉक्टरांनी सुमतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एकच आहे," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी अवाक्षर बोललो नाही. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने सुमतीला विचारलं, "भाई बरे आसात मगो?"

आत काय दिसतं

ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. पाठीत सुई देतात. थोड्या वेळाने कमरेखालचं सगळं दुसऱ्या कोणाचं तरी होतं. नर्सने एक पाय उचलून आधारावर ठेवला तेव्हा मी क्षणभर विचार केला, हा लठ्ठ पाय कोणाचा. दुखत नाही. लाज वाटते, पण तीही थोडाच वेळ. तिथे आपण माणूस नसतो, भिंत असतो.

समोर टीव्हीसारखा पडदा होता. डॉक्टरांनी विचारलं, "बघायचंय?" सुमती असती तर नको म्हणाली असती. मी नाटकवाला. पहिल्या रांगेत फुकट जागा मिळाली तर सोडीन कसा?

आणि मी हबकलो. मला वाटलं होतं आत काहीतरी घाणेरडं, काळपट असेल. आतून मी सुंदर होतो. फिकट, मोत्यासारखी गुलाबी भिंत, तिच्यावर केसांएवढ्या बारीक लाल रेषा, आणि सगळं संथ पाण्याखाली. मग कॅमेरा जरा वळला आणि त्या दोघी दिसल्या. एक बारकी, देठावर उभी. दुसरी पसरलेली, तिच्या लव्हाळ्यासारख्या झिपऱ्या पाण्यात डोलत होत्या. अगदी निवांत. भाडं न देता राहिलेल्या भाडेकरूसारख्या.

तारेची एक बारीक कडी पुढे आली. तिच्यात वीज असते म्हणे. "ही बारकी अख्खी उचलतो, मुळासकट," डॉक्टर म्हणाले. कडी देठाभोवती फिरली, खालचं थोडं घेतलं आणि ती सुटली, पाण्यात तरंगायला लागली. "मोठी अशी नाही येणार. तिला तुकड्यांनी." मग खरवडणं सुरू झालं. पट्टी, मग पट्टी, मग पट्टी. कडी फिरायची, पापुद्रा उठायचा, थोडं रक्त धुरासारखं पसरायचं, मग ते जागच्या जागी भाजून बंद करायचे. मी माझ्या आयुष्यात असा रंगारी बघितला नाही.

"मस्त हात आहे तुमचा," मी म्हणालो. "आमच्या पुंडलिक पेंटरला दाखवायला पाहिजे. तो खिडकीची चौकट खरवडतो तेव्हा—"

"भाई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बोललात की तुमची पिशवी हलते."

जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी सांगण्यावरून गप्प बसलो.

बाटल्या आणि पिशवी

जागा झालो म्हणावं तर झोपलोच नव्हतो. वॉर्डात आणलं तेव्हा माझ्यातून एक नळी बाहेर आली होती. वर खांबाला पाण्याच्या बाटल्या. पाणी आत जायचं, मला धुऊन खाटेखालच्या पिशवीत उतरायचं. आत रक्ताच्या गाठी धरू नयेत म्हणून हे चालू ठेवतात. मधूनच पोटात अशी कळ यायची की आत्ताच्या आत्ता लघवीला धावावं. धावायचं कुठे? नर्स सांगायची, "आतली पिशवी आकसते, श्वास सोडा, जोर करू नका." ही कळ येते, घाबरू नका, औषध मागा. मी मर्दानगी म्हणून आधी मागितलं नाही आणि उगाच कण्हत राहिलो.

खाटेखालच्या पिशवीचं काही लपत नाही. आपल्याकडे इस्पितळात माणूस बघायला जायची पद्धत आहे, कागदात बांधलेले पाव आणि केळी घेऊन. येणारा आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, मग खाटेखाली बघायचा आणि मग खिडकीतून बाहेर. एका दूरच्या काकांनी तर माझ्याऐवजी पिशवीलाच विचारलं, "कसं आहे आता?"

पुंडलिक मात्र स्टूल ओढून बसला. पुंडलिक पेंटर, मूळचा दोडामार्गाकडचा. अर्ध्या डिचोलीची दारंखिडक्या त्याने रंगवल्या असतील. माझ्याच दुकानातून रंग घेतो. विडी आणि ब्रश त्याच्या एकाच हातात असतात.

"काल पी.ओ. रेड होतो म्हणून आयकला," तो पिशवीकडे बघत म्हणाला.

"सकाळी."

"आता तर फिको गुलाबी. टर्पेंटाइन चांगला पडला."

"उद्या पांढरा."

"पांढऱ्याक दोन हात लागतत, शेट."

सुमतीसुद्धा हसली, आणि ती हसली म्हणून मला रडू आलं. ते लपवायला मी खोकलो. खोकल्याबरोबर कळ आली, आणि मग रडायला अधिकृत कारण मिळालं.

पुंडलिक अजून पिशवीकडेच बघत होता. "शेट, पयल्यांदा आयला तेव्हा दुखला किती?"

"दुखलंच नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. म्हणून तर फसलो."

"असा," तो म्हणाला. त्याने खिशातली विडी चाचपली, इस्पितळ आहे हे आठवून पुन्हा ठेवली, आणि कोणाचा निरोप न घेता गेला.

नळी काढली त्या दिवशी मी संडासाच्या दारात उभा राहून लहान मुलासारखा घाबरलो होतो. होईल का? कळ लागेल का? झालं. जळजळलं, पण झालं. बाहेर येऊन मी वॉर्डला वाकून नमस्कार केला. दोन खाटांवरून टाळ्या आल्या.

चिरा नाही

काढलेल्या तुकड्यांचा अहवाल घ्यायला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माझ्या मनात नाटक तयार होतं. डॉक्टर हात पुढे करणार, मी म्हणणार, डॉक्टर, तुमचे उपकार, आणि असंच बरंच काही.

डॉक्टर म्हणाले, "बारकी रंगातच होती. मोठी गिलाव्यात उतरली आहे."

"आणि चिरा?"

"चिऱ्याचा तुकडा आलेलाच नाही."

"म्हणजे चांगलं ना?"

"म्हणजे माहीत नाही. चिऱ्याचा तुकडा तपासायला मिळाला तरच तो कोरा आहे असं म्हणता येतं. काही आठवड्यांनी पुन्हा आत जायचं, त्याच जागी, थोडं खोल."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. पहिल्या वेळी मला काही माहीत नव्हतं. आता मला बाटल्या माहीत होत्या, कळ माहीत होती, नळी माहीत होती. सुमती चिडली. "पयल्याच टायमाक नीट खरवडूक नाय?"

डॉक्टर रागावले नाहीत. "वहिनी, पिशवीची भिंत पातळ असते. एका दमात खोल गेलो असतो तर भोक पडलं असतं. अशा गाठीला दुसऱ्यांदा बघणं ही चूक सुधारणं नव्हे, ती कामाची पद्धतच आहे. पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तरी कधी कधी थोडं उरलेलं असतं."

हे मी मुद्दाम लिहितो आहे. दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर ते आठवडे जरा बरे गेले असते. मी त्या दिवसांत दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसलो. एकाने तांबडा रंग मागितला तर संपला म्हणून सांगितलं, त्याच्या समोर डब्यांची रांग असताना. सुमती माझ्याशी कामापुरतं बोलायची. सिगरेटचा विषय तिने पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

शेवटी तिनेच दुकानाला कुलूप लावलं आणि मला माहेरी नेलं. ओहोटीची वेळ होती. तिचा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून कोयतीने खडकावरची कालवं काढत होता. काही शिंपा सहज सुटायच्या, काही खडकाचा कपचा घेऊनच यायच्या. आम्ही दोघं काठावर बसलो होतो आणि दोघंही एकाच गोष्टीचा विचार करत तिकडे बघत होतो.

"पिशवी गेली तर जाऊ दे," सुमती अचानक म्हणाली.

मी बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"बाहेर पिशवी लावून लोक रवतत. मी डॉक्टराक इचारलंय. तुमी रवलात म्हणजे झाला."

मी तिच्या हातातली रिकामी शिंप घेतली आणि खिशात ठेवली. मेव्हण्याने पाण्यातून ओरडून विचारलं, "भावोजी, कालवा खातलात मां?" आणि सुमती पदराने नाक पुसत म्हणाली, "खातत. तेंका काय झाला न खावूक."

दुसरा हात

दुसऱ्या वेळी मी पडदा बघितला नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "हे नाटक मी पाहिलंय." डोळे मिटून शिंपेचा विचार करत राहिलो. पुन्हा बाटल्या, पुन्हा पिशवी, पुन्हा पाववाले पाहुणे. यावेळी रंग लवकर उतरला. पुंडलिक काही आला नाही. कुठे तरी मोठ्या कामावर असेल असं वाटलं.

अहवालाला मी कालचाच शर्ट घालून गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि भिंतीचं ते पहिलं चित्र माझ्या फायलीतून काढलं. चिऱ्यावर बोट ठेवलं.

"हा आला. कोरा आहे. वरही काही उरलेलं नाही."

सुमती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. मला एक लांबलचक वाक्य म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाणी मिळेल का?" आणि पाण्याचा अख्खा पेला रिकामा केला.

त्यानंतर काही आठवडे आतल्या पिशवीत औषध सोडायला जावं लागलं. ते आत धरून या कुशीवरून त्या कुशीवर वळायचं, तव्यावरच्या भाकरीसारखं. आणि आता ठरलेल्या वेळी कॅमेरा घालून बघतात. दर वेळी आदल्या दिवशी मला भूक लागत नाही, हे कबूल करतो. ही गाठ परत येऊ शकते, म्हणून हे बघणं चुकवायचं नाही. गेल्या खेपेला मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. जिथे त्या डोलत होत्या तिथे आता फिकट पांढरा डाग होता, भेगेत भरलेल्या ताज्या लांबीच्या पट्टीसारखा. दुसरं काही नाही. पिशवी माझीच, माझ्याजवळ.

दुकानात आता मी हे सगळं मोठ्या आवाजात सांगतो. सुरुवातीला सुमती आतून भांडी आपटायची. गिऱ्हाइकं इकडेतिकडे बघायची. मी हातवारे करून कडी कशी फिरते, पापुद्रा कसा उठतो, ते दाखवतो आणि शेवटी विचारतो, माती सुकली की काय होतं? उडते. आणि रक्त? चिकटतं. बसमधला कंडक्टरही आता हे पाठ म्हणतो.

मागच्या महिन्यात हे असंच चाललं होतं. दारात पुंडलिक उभा होता. वाळलेला दिसत होता. गर्दी ओसरेपर्यंत तो शेड कार्ड उलटत राहिला.

"काय देऊ?"

"तांबडो."

"कुठला? ऑक्साइड की पी.ओ.?"

तो कार्डावरून बोट फिरवत एका चौकोनावर थांबला. मग ते कार्ड त्याने माझ्याकडे सरकवलं, बोट तिथेच ठेवून.

"दुखणा नाय, शेट," तो म्हणाला. "अजिबात नाय."

मी आत बघितलं. सुमती दारात आली होती. तिने खुंटीवरची स्कूटरची चावी काढून माझ्या हातात दिली, आणि दुकानाचं अर्धं शटर तिनेच ओढायला घेतलं.